बाटलीवरचा २११

राजापूरजवळ राहणारी माझी मावशी अमृत कोकम, म्हणजे कोकमाचं गोड सिरप, करून विकते. मोसमात शे-दोनशे बाटल्या, बहुतेक ओळखीतल्या आणि काही हायवेवरच्या एका दुकानात. गेल्या मे महिन्यात तिने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड पाठवला. ‘शीतपेयातलं रसायन नंबर २११ म्हणजे मंद विष, कॅन्सर होतो, दहा जणांना पाठवा.’ खाली तिने स्वतः टाइप केलं होतं, “अगं, हे तर मीही घालते. बंद करू का?”

तिला फोनवर दिलेलं उत्तर दोन मिनिटांचं होतं आणि तिचं समाधान झालं नाही. हे सविस्तर उत्तर.

शीतपेयांतल्या रसायनांबद्दल गेल्या काही वर्षांत बातम्याही एकामागून एक आल्या. २०२३मध्ये अस्पार्टेम या बिनसाखरेच्या गोडव्याला ‘कॅन्सरची शक्यता’ असा शिक्का बसला. २०२४मध्ये अमेरिकेने शीतपेयांतल्या एका तेलावर बंदी घातली. २०२५च्या जानेवारीत एका लाल रंगावर. प्रत्येक बातमीनंतर तोच प्रश्न: मग इतकी वर्षं आपण काय पीत होतो?

आकडे आले कुठून

बाटलीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘प्रिझर्वेटिव्ह (२११), अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर (३३०), कलर (१५०डी)’ असं काहीतरी असतं. आकडे पाहिले की काहीतरी लपवलंय असं वाटतं. खरं तर आकडे आले ते नेमकं कळावं म्हणून. एकाच पदार्थाला दहा भाषांत दहा नावं असतात, म्हणून देशोदेशीच्या अन्न-तज्ज्ञांनी प्रत्येक पूरक पदार्थाला एक क्रमांक दिला. त्याला आयएनएस क्रमांक म्हणतात. युरोपात त्याच्याआधी ‘ई’ लावतात, एवढाच फरक. साधारणपणे शंभरीतले रंग, दोनशेतले टिकवणारे पदार्थ, तीनशेतली आम्लं आणि ऑक्सिडीकरण रोखणारे, साडेनऊशेच्या आसपासचे गोडवे.

क्रमांक मिळाला म्हणजे पदार्थ कारखान्यातलाच असतो असंही नाही. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. २९० म्हणजे सोड्यातला वायू, कार्बन डायऑक्साइड. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबाला आंबट करणारं.

या ३३०ची एक गंमत आहे. १९७६च्या सुमाराला फ्रान्समध्ये एक पत्रक हातोहात फिरू लागलं. व्हिल्झ्वीफ या गावातल्या प्रसिद्ध कॅन्सर रुग्णालयाच्या नावावर खपवलेलं. त्या रुग्णालयाने ते आपलं नसल्याचं पुन्हा पुन्हा सांगितलं, तरी वर्षानुवर्षं ते शाळांत, दवाखान्यांत चिकटवलं जात राहिलं. त्यात सगळ्यांत घातक ठरवलेला पदार्थ होता ई ३३०. म्हणजे लिंबातलं आम्ल! असं का झालं असावं याचा एक तर्क आहे. आपल्या पेशींत ऊर्जा तयार होण्याच्या क्रियेत सायट्रिक आम्ल असतं. त्या क्रियेला तिचा शोध लावणाऱ्या हान्स क्रेब्सचं नाव आहे आणि जर्मन भाषेत ‘क्रेब्स’ म्हणजे खेकडा आणि कॅन्सरही. कुणीतरी अर्धवट वाचलं आणि सायट्रिक आम्ल कॅन्सरवालं झालं. मावशीला आलेल्या फॉरवर्डचं कूळ इतकं जुनं आहे.

२११ बाटलीत काय करतं

२११ म्हणजे सोडियम बेंझोएट. पांढरी भुकटी, पाण्यात चटकन विरघळणारी. बुरशी आणि यीस्ट यांना रोखणं हे तिचं काम.

ते काम ती फक्त आंबट पदार्थातच करते. आंबटपणा मोजायच्या मापाला सामू म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७, आकडा जितका खाली तितका पदार्थ आंबट. सामू साडेचारच्या खाली असेल तरच बेंझोएटचा उपयोग. म्हणून ते सरबतात, सॉसमध्ये, लोणच्यात दिसतं, दुधात दिसत नाही.

आंबट पाण्यात बेंझोएटचं बेंझोइक आम्ल होतं आणि ते यीस्टच्या पेशीचं आवरण सहज पार करतं. पेशीच्या आत आंबटपणा कमी असतो, तिथे त्या रेणूचे दोन विद्युतभारित तुकडे होतात. मिटलेली छत्री घेऊन माणूस अरुंद दारातून आत शिरला आणि आत छत्री उघडून बसला असं समजा. आता ती त्या दारातून बाहेर जात नाही. आत आम्ल साचत जातं, ते बाहेर फेकण्यात पेशीची सगळी ताकद खर्च होते आणि तिची वाढ थांबते.

मावशी २११ वापरते, दुसरं काही का नाही, यालाही कारण आहे. फळप्रक्रियेच्या वर्गात शिकवतात: लिंबू, संत्रं, आंबा अशा फिक्या रंगाच्या स्क्वॅशला केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (२२४). कोकम, जांभूळ, डाळिंब अशा गडद लाल-जांभळ्या रसाला सोडियम बेंझोएट. केएमएसमधून सुटणारा सल्फर डायऑक्साइड वायू फळाचा नैसर्गिक लाल रंग उडवतो. अमृत कोकम फिकट गुलाबी झालं तर घेणार कोण? जाता जाता, दमा असलेल्या काहींना हे सल्फाइट सोसत नाही. अशा घरात लेबलवर २२० ते २२८ या आकड्यांकडे जास्त बारकाईने पाहावं, पण त्यांवर सहसा फॉरवर्ड येत नाहीत.

आणि पोटात गेल्यावर?

बेंझोइक आम्ल निसर्गातही आहे. क्रॅनबेरीत भरपूर, दालचिनीत थोडं. आपल्या यकृताला त्याची विल्हेवाट लावायची रीत माहीत आहे. ग्लायसिन नावाचा प्रथिनांतला एक साधा घटक त्याला जोडला जातो आणि तयार झालेलं हिप्प्युरिक आम्ल लघवीवाटे निघून जातं. त्यातलं बहुतेक सगळं एका दिवसात.

ही रीत इतकी भरवशाची आहे की डॉक्टर तिचा औषधासारखा उपयोग करतात. काही बाळांना जन्मतःच अमोनिया शरीराबाहेर टाकता येत नाही आणि तो रक्तात साचून मेंदूला इजा करतो. अशा बाळांना रुग्णालयात देखरेखीखाली सोडियम बेंझोएट दिलं जातं, वजनाच्या किलोमागे दिवसाला सुमारे २५० मिलिग्रॅम. ग्लायसिनमधला नायट्रोजन सोबत घेऊन ते बाहेर पडतं. हे वाचून कुणी घरी प्रयोग करू नये, पण ‘मंद विष’ या शब्दांशी ही गोष्ट ताडून पाहावी.

बेंझोएटवरचा वादही आजचा नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यातले रसायनतज्ज्ञ हार्वी वायली यांनी १९०२पासून तरुण स्वयंसेवकांना जेवणातून बोरॅक्स, फॉर्माल्डिहाइड, बेंझोएट असे त्या काळी सर्रास वापरले जाणारे पदार्थ देऊन परिणाम पाहिले. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘विषपथक’ म्हटलं. वायली बेंझोएटच्या विरोधात होते, उद्योजक बाजूने. शेवटी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आयरा रेमसन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांचं मंडळ नेमलं आणि मंडळाने थोड्या प्रमाणात बेंझोएट निरुपद्रवी ठरवलं. हे रेमसन कोण? ज्यांच्या प्रयोगशाळेत सॅकरिन सापडलं ते. आणि रूझवेल्ट स्वतः सॅकरिन घेत असत. तज्ज्ञ मंडळांवर शंका घ्यायची सवयही शंभर वर्षं जुनी आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. त्याकडे पुढे येते.

किती म्हणजे जास्त

इथे एकच संज्ञा लागेल: रोजची मान्य मात्रा. एखादा पदार्थ माणसाने आयुष्यभर रोज घेतला तरी अपाय होऊ नये अशी वजनाच्या प्रमाणातली मर्यादा. ती ठरवताना आधी प्राण्यांवरच्या प्रयोगांत ज्या मात्रेपर्यंत काहीच वाईट दिसत नाही ती मात्रा शोधतात, मग तिला बहुधा शंभराने भागतात. प्राणी आणि माणूस यांतल्या फरकासाठी दहा, माणसामाणसांतल्या फरकासाठी आणखी दहा. घाटात दरीच्या टोकाला कठडा न बांधता चांगलं अंतर ठेवून बांधतात, तसा हा कठडा. ओलांडला की लगेच दरी नाही, पण रोज पलीकडे बसणं शहाणपणाचंही नाही.

बेंझोएटसाठी ही मर्यादा वर्षानुवर्षं किलोमागे ५ मिलिग्रॅम होती. युरोप अजून तीच मानतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०२१मध्ये ती २०पर्यंत वाढवली. आपण जुनी, कडक मर्यादा धरू.

स्क्वॅश-सिरपसाठी शिकवलं जाणारं प्रमाण आहे किलोमागे ६०० मिलिग्रॅम बेंझोइक आम्ल, म्हणजे सोडियम बेंझोएट सुमारे ७०० मिलिग्रॅम. एका पेल्याला ५० ग्रॅम अमृत कोकम घेतलं तर पोटात जातं ३० मिलिग्रॅम. ५० किलोच्या माणसाची मर्यादा २५० मिलिग्रॅम, म्हणजे आठ पेले. पण बारा किलोच्या नातीची मर्यादा ६० मिलिग्रॅम, म्हणजे दोनच पेले. शिवाय दिवसभरात तिला सॉस आणि जॅमही मिळालेला असतो.

म्हणून मावशीला मी पहिली गोष्ट विचारली ती हीच: मोजतेस कशाने? ती म्हणाली, “चिमटीने.” मावशीच्या चिमटीत किती मावतं ते मला माहीत नाही, तिलाही नाही. सोनाराकडे असतो तसा छोटा वजनकाटा आता पाच-सातशे रुपयांत मिळतो. तो तिने घेतला.

मग कॅन्सर आला कुठून?

फॉरवर्डमध्ये सत्याचा एक कण होता, आणि तो महत्त्वाचा आहे. सोडियम बेंझोएट आणि क जीवनसत्त्व एकाच बाटलीत असतील, पाण्यात तांब्या-लोखंडाचा अंश असेल आणि बाटली ऊन किंवा उष्णता खात पडली असेल, तर बेंझोइक आम्लाचा एक तुकडा गळून बेंझिन तयार होऊ शकतं. हे बेंझिन मात्र खरंच वाईट आहे. ते माणसात रक्ताचा कॅन्सर घडवतं, यात शास्त्रज्ञांत मतभेद नाहीत.

कंपन्यांना आणि अमेरिकी अन्न-औषध प्रशासनाला हे १९९०च्या सुमारास समजलं होतं. तेव्हा ते गाजावाजा न करता मिटवलं गेलं. २००५-०६मध्ये प्रश्न पुन्हा वर आला, तेव्हा प्रशासनाने सुमारे दोनशे पेयं तपासली. बहुतेकांत बेंझिन नव्हतं किंवा नगण्य होतं. दहा पेयांत ते अमेरिकेच्या पिण्याच्या पाण्यासाठीच्या मर्यादेहून, म्हणजे लिटरमागे ५ मायक्रोग्रॅमहून जास्त निघालं. त्या कंपन्यांनी कृती बदलली.

५ मायक्रोग्रॅम म्हणजे किती? मर्यादेला टेकलेल्या पेयाच्या २०० मिलिलिटर बाटलीत १ मायक्रोग्रॅम. आपल्या देशात हवेतल्या बेंझिनची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. मोठा माणूस दिवसाला पंधराएक घनमीटर हवा आत घेतो, म्हणजे ‘मर्यादेतल्या’ हवेतूनही रोज ७५ मायक्रोग्रॅम श्वासात येतं. पेट्रोल पंपावर मोटरसायकल घेऊन रांगेत उभे राहता तेव्हा येतो तो वास, त्यातही हे असतं. हा हिशेब पेयातलं बेंझिन माफ करायला मांडत नाहीये. ते टाळता येतं, म्हणून टाळायलाच हवं. पण भीती कुठे किती खर्च करायची, त्याचा अंदाज यावा.

आणि ते टाळता कसं येतं? बेंझोएट घालायचं असेल तर क जीवनसत्त्व वेगळं घालू नये. धातूंना बांधून ठेवणारा पदार्थ घालावा, मोठ्या कंपन्या तसं करतात. साखरेनेही ही क्रिया मंदावते, त्यामुळे बिनसाखरेच्या पेयांत ती जास्त होऊ शकते. सगळ्यांत सोपं म्हणजे बाटली उन्हात ठेवू नये.

कोकमाची आंबटाई मुख्यतः हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लाची. क जीवनसत्त्वासाठी कोकम काही प्रसिद्ध नाही. पण मावशी गेल्या वर्षी आवळा-लिंबू सिरपही करायला लागली होती, आणि त्यातही सवयीने २११च घालत होती. आवळा म्हणजे क जीवनसत्त्वाची खाण. म्हणजे नेमकी नको ती जोडी! त्यासाठी मी तिला केएमएस सांगितलं.

बिबट्या आणि पिंजरा

आता अस्पार्टेम, क्रमांक ९५१. साखरेच्या सुमारे दोनशे पट गोड, म्हणून चिमूटभरात काम भागतं. जुलै २०२३मध्ये एकाच दिवशी दोन निकाल जाहीर झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘२ब’ गटात टाकलं, म्हणजे माणसात कॅन्सर घडवण्याची शक्यता आहे, पुरावा मर्यादित. त्याच वेळी वर आलेल्या संयुक्त तज्ज्ञ समितीने सांगितलं की किलोमागे ४० मिलिग्रॅम ही मर्यादा बदलण्याइतकं कारण दिसत नाही. लोकांनी डोक्याला हात लावला. एकाच संघटनेची दोन तोंडं?

दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. जुन्नरकडच्या माणसाला हे पटकन कळेल. ‘बिबट्या माणसाला मारू शकतो का?’ हा एक प्रश्न. उत्तर हो. ‘माणिकडोहच्या निवारा केंद्रात पिंजऱ्याबाहेर उभं राहून बिबट्या पाहिला तर जिवाला धोका आहे का?’ हा दुसरा प्रश्न. आणि ‘रात्री उसाला पाणी द्यायला एकटा गेलो तर?’ हा तिसरा. कर्करोग संस्था फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधते. गट ठरतो तो पुरावा किती पक्का यावरून. पदार्थ किती जहाल, हे त्यातून कळत नाही. त्याच ‘२ब’ गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे, आणि आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत. किती घेतलं तर काय, हे तज्ज्ञ समिती पाहते. तिच्या हिशेबाने ७० किलोच्या माणसाला मर्यादा ओलांडायला बिनसाखरेच्या पेयाचे रोज ९ ते १४ कॅन प्यावे लागतील.

फिनाइलकिटोन्युरिया हा दुर्मीळ जन्मजात आजार असणाऱ्यांना मात्र अस्पार्टेम खरोखर वर्ज्य आहे, म्हणून लेबलवर तशी सूचना असते.

आणि ज्या गोष्टीची बातमी कमी झाली ती अशी: त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की वजन कमी करायचं म्हणून बिनसाखरेचे गोडवे वापरू नका, दीर्घकाळात त्याने वजन घटल्याचं दिसत नाही. ‘डायट’ पेय विकत घ्यायचं मुख्य कारणच त्यात गेलं.

‘सुरक्षित’ म्हणणारे चुकत नाहीत का?

चुकतात. हा आक्षेप मला सगळ्यांत रास्त वाटतो.

संत्र्या-लिंबाच्या स्वादाचं तेल पाण्यावर तरंगतं, मिसळीवरच्या तर्रीसारखं. ग्राहकाला बाटलीच्या गळ्याशी तवंग नको असतो. म्हणून वनस्पती तेलाला ब्रोमिन जोडून जड करायचे आणि स्वादाच्या तेलात मिसळायचे. मग तर्री वरही येत नाही, तळालाही बसत नाही, मधेच विखरून राहते आणि पेय छान धुरकट दिसतं. हे ब्रोमिनयुक्त तेल अमेरिकेने १९७०मध्ये ‘सर्वमान्य सुरक्षित’ यादीतून काढलं आणि पुढचा अभ्यास होईपर्यंत ‘तात्पुरती’ परवानगी दिली. तात्पुरती म्हणजे किती? ५४ वर्षं. थायरॉइडवरचा परिणाम उंदरांत दिसल्यावर २०२४च्या जुलैत ती परवानगी रद्द झाली. मधल्या काळात रोज दोन ते चार लिटर असं पेय पिणारा एक माणूस ब्रोमिन साचून गंभीर आजारी पडल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात १९९७मध्ये झाली होती. भारताने हे तेल १९९०मध्येच बंद केलं. इथे आपण पुढे होतो, हे एरवी फारसं म्हणायला मिळत नाही.

लाल रंग १२७, एरिथ्रोसिन, याची कथा आणखी विचित्र. नर उंदरांत थायरॉइडच्या गाठी दिसल्या म्हणून अमेरिकेने १९९०मध्ये सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली. ओठांना लावायला बंदी, खायला मात्र चालू, ते थेट जानेवारी २०२५पर्यंत. तेव्हाही प्रशासनाने सांगितलं की उंदरांत हे ज्या मार्गाने घडतं तसं माणसात घडत नाही. पण माणसात किंवा प्राण्यात कॅन्सर घडवणारा रंग अन्नात घालता येणार नाही असा तिथला १९६०चा कायदा आहे, म्हणून बंदी.

कोलाच्या तपकिरी रंगाचंही असंच. अमोनिया वापरून केलेल्या कॅरमलमध्ये (१५०डी) ४-मिथिलइमिडाझोल नावाचा पदार्थ अंशतः तयार होतो. कॅलिफोर्नियाने त्यासाठी दिवसाला २९ मायक्रोग्रॅमची रेषा आखली, त्यापुढे बाटलीवर कॅन्सरचा इशारा छापावा लागला असता. २०१२मध्ये दोन्ही मोठ्या कोला कंपन्यांनी कॅरमल करायची पद्धत बदलली आणि इशारा टाळला. चवीत कुणाला फरक कळला नाही. मग ते आधीच का नाही केलं, असं मनात येतंच.

तेव्हा ‘परवानगी आहे’ याचा अर्थ ‘आजवरच्या माहितीनुसार’ असा घ्यायचा. माहिती बदलली की यादी बदलते, फक्त फार सावकाश.

‘पण कोलाने तर संडास साफ होतो!’

होतो. लिंबानेही होतो. कोलात फॉस्फोरिक आम्ल (३३८) असतं, सामू अडीचच्या आसपास. लिंबाचा रसही तितकाच किंवा त्याहून आंबट असतो, आणि आपल्या जठरातलं आम्ल दोघांहून तीव्र. पोटाला भोक पडत नाही.

दात मात्र जठर नव्हेत. सामू साडेपाचच्या खाली गेला की दातावरचं कवच झिजायला लागतं, आणि सामूच्या मापात एकेक अंक खाली म्हणजे दहापट आंबट. साडेपाच ते अडीच म्हणजे हजारपट. एका दमात प्यायलं तर लाळ सावरून घेते. ऑफिसात बाटली टेबलावर ठेवून दुपारभर घोट घोट घेणाऱ्याच्या दातांना सावरायला वेळच मिळत नाही. पिऊन लगेच ब्रशही करू नये, मऊ झालेलं कवच घासून जातं.

मुलांच्या बाबतीत

२००७मध्ये ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी मुलांना ठरावीक कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांची मिश्रणं पेयातून देऊन पाहिली. काही मुलांत चंचलपणा थोडा वाढला. परिणाम लहान होता आणि सगळ्यांत सारखा नव्हता. तरी युरोपात २०१०पासून त्या सहा रंगांच्या पदार्थांवर ‘मुलांच्या वागण्यावर आणि लक्षावर विपरीत परिणाम होऊ शकतो’ असं छापावं लागतं. बऱ्याच उत्पादकांनी रंगच बदलले. त्या सहांपैकी टार्ट्राझिन (१०२), सनसेट यलो (११०), कार्मोइसिन (१२२) आणि पॉन्सो ४आर (१२४) भारतात चालतात, तशा सूचनेशिवाय. मुलांच्या हाती बाटली देताना मी हे चार आकडे बघते.

कॅफिनही मुलांचाच प्रश्न आहे. भारतात लिटरला १४५ मिलिग्रॅमहून जास्त कॅफिन असलेली पेयं वेगळ्या वर्गात मोडतात. त्यांची वरची मर्यादा ३०० आणि मुलांसाठी नाहीत असं त्यांवर छापलेलं असतं. ते वाचतं कोण? दहावीतला मुलगा वीस रुपयांना लाल बाटली घेतो आणि क्लासला जातो. २०२४च्या जुलैत शाळांपासून ५०० मीटरच्या आत अशी पेयं विकायला बंदी आणू, असं राज्याच्या तेव्हाच्या अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं होतं.

लेबलवर जे येतच नाही

मुद्दाम घातलेले पदार्थ वेगळे आणि नकळत आलेले वेगळे. ऑगस्ट २००३मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने १२ ब्रँडच्या शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं. संसदेने शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त समिती नेमली आणि फेब्रुवारी २००४मध्ये समितीने संस्थेचे निष्कर्ष बरोबर असल्याचं सांगितलं. कीटकनाशकं कुणी चव वाढवायला घातली नव्हती, ती भूजलातून आली होती. म्हणजे तेच पाणी आजूबाजूच्या गावांतल्या विहिरींतही होतं, आणि त्याचं लेबल नसतं.

रस्त्यावरच्या गोळ्याच्या लालभडक सिरपलाही लेबल नसतं. रोडामिन बी हा कापड रंगवायचा रंग सापडल्यामुळे २०२४मध्ये तमिळनाडूने ‘म्हातारीच्या केसां’च्या विक्रीवर बंदी घातली. १०२ असं छापलेला रंग निदान कुणीतरी कधीतरी तपासलेला असतो.

‘घरचं सरबत तरी चांगलं ना?’

हा मावशीचा शेवटचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर तिला आवडलं नाही.

लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. शीतपेयात पहिलं पाणी, दुसरी साखर. आकडेवाले सगळे त्यानंतर, मिलिग्रॅमच्या हिशेबात. ३३० मिलिलिटर कोलात साखर सुमारे ३५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५च्या आत राहा म्हणते. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेह असलेले सुमारे १० कोटी लोक आहेत, आणि त्यात बेंझोएटचा हात असल्याचं कुणी म्हटलेलं नाही.

आणि अमृत कोकम? रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालींवर साखरेचे थर देत ते मुरवायचं. पक्कं सिरप म्हणजे वजनाच्या साधारण दोन तृतीयांश साखर. ५० ग्रॅममध्ये तीसेक ग्रॅम. म्हणजे मावशीचा एक पेला आणि कोलाचा एक कॅन यांत साखरेचा फरक जेमतेम एका चमच्याचा. “पण ती कोकमातली साखर आहे ना!” ती म्हणाली. मी म्हटलं, मावशी, ती पोत्यातली आहे, तूच ओतलीस. आगळ घे, कोकमाचा नुसता खारवलेला रस, जिरं घालून पी. साखर नाही, आणि मीठच इतकं की २११ सुद्धा लागत नाही. पण ते गिऱ्हाईक मागत नाही, असं ती म्हणते, आणि तिचंही बरोबर आहे.

तर सध्याची स्थिती अशी: कोकमात २११ चालू आहे, काट्यावर मोजून. आवळ्याला केएमएस. लेबलवर ‘थंड आणि सावलीच्या जागी ठेवा’ हे तिने ठळक करून घेतलं. मागच्या आठवड्यात मी हायवेवरच्या त्या दुकानासमोरून गेले. दुकानदाराने सगळ्या बाटल्या बाहेरच्या फळीवर ओळीने लावल्या होत्या, दुपारी दोनच्या उन्हात. त्याला विचारलं तर म्हणाला, “ऊन पडलं की रंग कसा झकास दिसतो बघा.”